गॅलरीवरचं पिवळं फडकं

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला एक गॅलरी. गॅलरी आपली नावाला. आई कपडे वाळत घालायला उभी राहिली की दुसऱ्यानं आत यायचं. बेंगळुरूच्या शिवाजीनगर बस स्टँडमागची ती गल्ली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, मधल्या मजल्यावर कुणाचं तरी खोक्यांचं गोदाम आणि वर आम्ही. सकाळी डोळे उघडायच्या आधी माझे कान उघडायचे. अजान व्हायची, थोड्या वेळानं चर्चची घंटा, मग कंडक्टर लोक एका दमात सगळ्या थांब्यांची नावं म्हणायला लागायचे, खाली चाकात हवा भरल्याचा फुसफुस आवाज यायचा, आणि या सगळ्याच्या आत, अगदी उशाशी, आईच्या पिको मशीनची किरकिर आणि अप्पांचा खोकला. हा खोकला म्हणजे काही दुखणं आहे असं मला लहानपणी वाटलंच नाही. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ वाजायचं, तसे आमच्याकडे अप्पा खोकायचे.

अप्पा गलाईच्या दुकानात कामाला होते. सराफांकडून मोडीचं सोनं यायचं, ते वितळवायचं, तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, घालून शुद्ध करून परत द्यायचं, हे गलाईचं काम. अथणीकडच्या आमच्या गावातली बरीच माणसं या कामासाठी दक्षिणेत पांगली. अप्पा चौथीतून शाळा सोडून मामांबरोबर बेंगळुरूला आले ते इथलेच झाले. भट्टीसमोर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तेजाबाचा तपकिरी धूर खिडकीतून बाहेर जायचा, पण सगळा जायचा नाही. जो राहायचा तो त्यांच्या छातीत राहायचा. त्या दुकानाची एक रीत त्यांनी मला लहान असताना नेऊन दाखवली होती. काम संपलं की सगळ्यांनी एकाच घमेल्यात हातपाय धुवायचे आणि ते पाणी ओतायचं नाही. जमीन झाडायची, पण केर टाकायचा नाही, पोत्यात भरून ठेवायचा. वर्षाकाठी ते पाणी आटवून, तो केर जाळून धुऊन त्यातून सोनं काढत. पोत्याचं तोंड उघडून अप्पा मला म्हणाले होते, बघ, काळी माती दिसती का नाही? मी हो म्हटलं. ते नुसते हसले. ही गोष्ट मी इथंच सांगून ठेवते, कारण पुढे जेव्हा ती आठवायला हवी होती तेव्हा मला आठवली नाही.

आमच्या घराची रीत वेगळी होती. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मी पुस्तक हातात घेतलं की आई अर्ध्या काठावर मशीन थांबवायची. पातेलं ओट्यावर ठेवताना खाली फडकं घालायची. अप्पा गॅलरीत जाऊन, मागे दार ओढून घेऊन खोकायचे. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. शेजारीण काही मागायला आली तर आई ओठांवर बोट ठेवून कुजबुजायची, "वैशू वाचतीय." आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा मी वाचत नसे. पुस्तक उघडं असायचं आणि मी कंडक्टरांची हाळी ऐकत, तिचा सूर कुठं चढतो ते मनात धरत बसलेली असायची. पण माझ्यासाठी सगळं घर श्वास रोखून बसलंय हे कळत असताना, मी वाचत नाही, हे कसं सांगणार? मग पान उलटायचं. त्या उलटलेल्या पानांचं ओझं मला परीक्षेच्या ओझ्यापेक्षा जास्त वाटायचं.

रुक्माक्का आमच्या आयुष्यात आल्या त्या साड्यांमुळे. स्टँडच्या पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. त्यांच्याकडे आलेल्या साड्यांचं पिको-फॉल आई करायची आणि कॉलेजातून येता-जाता पोचवायचं काम माझ्याकडे. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, राजाजीनगरात भावाच्या घरी राहणाऱ्या. त्यांचं घराणं बेंगळुरूत इतकं जुनं की आपण कुठून आलो ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून त्यांना. मी 'थोडं' म्हणायची, त्या 'स्वल्प'. मी 'बरं', त्या 'सरी'. माझं मराठी बातम्यांसारखं वाटतं असं त्या म्हणायच्या. त्यात मीठ नाही.

एका दुपारी मी साड्यांचा गठ्ठा घेऊन गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि आतून तारांचा आवाज येत होता. रुक्माक्का बुलबुलतरंग वाजवत होत्या. लाकडी फळीवर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं असतात ते वाद्य. गाणं त्यांचंच, चाल त्यांचीच, आणि ती कुठल्याही गाण्यासारखी नव्हती. मध्येच वळायची, ताल सोडायची, परत यायची. ब्लाउजच्या शिवणीत आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. त्या गात होत्या:

काखेत स्वल्प घट्ट झालं, उसवू का गे, उसवू का,
आत ठेवलीय दोन बोटं माया, सोडू का गे, सोडू का.

मला पाहून त्या थांबल्या आणि एखादं गैर काम करताना सापडल्यासारखं त्यांनी वाद्यावर साडी टाकली. घरी भाऊ या वाद्याला टिणटिण म्हणतो, घरात काढू देत नाही, म्हणून दुकानात ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. मी गठ्ठा ठेवला. दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हटलं, माझ्याकडे पेटी आहे.

पेटी अप्पांनी आणली होती. एका सराफाचं जुनं घर रिकामं होत होतं, तिथून. भाता फाटलेला होता आणि दोन पट्ट्या मुक्या होत्या. भट्टीच्या भात्याला लावायच्या चामड्याचा तुकडा चिकटवून अप्पांनी पेटीचा भाता दुरुस्त केला. पट्ट्या मात्र मुक्याच राहिल्या. मी कुणाकडे शिकले नाही. त्या दोन सुरांना वळसा घालून जे वाजेल ते वाजवायची, त्यामुळे लोकांना माहीत असलेलं एकही गाणं मला धड वाजवता येत नसे. रुक्माक्कांना ते फार आवडलं. त्यांच्या मते आम्ही दोघी एकाच गावच्या लंगड्या होतो.

अल्बम करायचं कुणी ठरवलं ते आता आठवत नाही. बहुतेक मीच. कॉलेजातल्या मुली घरच्या घरी फोनवर गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायच्या, ते मी पाहिलं होतं. दुकानात जमणं शक्य नव्हतं, गिऱ्हाइकं यायची. राजाजीनगरला भाऊ. राहिलं आमचं घर. घरी मी सांगितलं, कॉलेजचं काम आहे. हे मी का सांगितलं त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला शिकवायला ज्यांनी स्वतःचं सगळं बाजूला ठेवलं, त्यांना मी संध्याकाळी गाणी म्हणत बसणार आहे हे सांगायची मला लाज वाटली, एवढंच असावं. आई लगेच म्हणाली, मग अक्कांना इथंच बोलाव, कॉलेजचं काम आधी.

आमची रेकॉर्डिंगची पद्धत अशी होती. खोलीच्या मधोमध कपड्यांची दोरी बांधलेली होती. तिला मी माझा पायमोजा अडकवला होता आणि त्यात माझा काच तडकलेला फोन उभा ठेवायचा. रुक्माक्का एका बाजूला चटईवर, मी पेटी घेऊन दुसऱ्या बाजूला. आवाज जोडणं, कापणं आम्हाला येत नव्हतं, म्हणून गाणं एका दमात व्हायला हवं. चुकलं तर पहिल्यापासून. आणि शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा रुक्माक्कांचा नियम. दुकान लवकर बंद करून त्या यायच्या, येताना डब्यात काहीतरी असायचंच. थंडीच्या दिवसांत अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ आणायच्या, त्या शेंगांच्या वासानं जिना भरून जायचा. आई त्यांना आमची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. दोघी एकमेकींचं खाणं फार तिखट आहे म्हणायच्या आणि संपवायच्या.

पहिली दोन गाणी झाली तेव्हा घर नेहमीसारखं चाललं होतं. पहिल्या गाण्यात आईचं मशीन आहे, कुकरची शिट्टी आहे, खाली कुणीतरी सायकलच्या घंटीवर घंटी मारतोय. मी थांबणारच होते, पण रुक्माक्कांनी डोळ्यांनीच चालू दे म्हटलं आणि शिट्टीच्या सुरातच पुढची ओळ उचलली. दुसऱ्या गाण्याच्या वेळी अप्पा कामावरून आले. डबा ठेवला, दाराशी बसले आणि गाण्याच्या अगदी नाजूक जागी त्यांना खोकला आला. ते गाणं आमचं चार वेळा चुकलं होतं आणि पाचव्यांदा नीट चाललं होतं. वाजवता वाजवता मान वर करून मी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. खोकला मध्येच तुटला. त्यांनी तोंडावर टॉवेल धरला होता आणि दुसऱ्या हातानं मला खूण करत होते, चालू दे, चालू दे.

त्यानंतर घर शांत झालं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं असं मी म्हणणार नाही. अप्पांच्या दुकानात काम वाढलंय, ते उशिरा येतात, असं आईनं सांगितलं होतं. मशीन नव्हतं, कुकर नव्हता, गॅलरीचं दार लावलेलं असायचं. मला बरं वाटलं. कसं लपवणार, बरंच वाटलं. पुढची चार गाणी झटपट झाली. आम्ही थांबलो की आई गॅलरीत जाऊन कठड्यावर पिवळं फडकं वाळत घालायची, ते मी रोज पाहत होते आणि काही विचारत नव्हते.

आम्हाला घाईही होती. रुक्माक्कांच्या भावानं हेब्बाळकडे फ्लॅट घेतला होता. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, सगळे तिकडे राहायला जाणार, आणि एवढ्या लांबून रोज येणं जमणार नाही म्हणून दुकान बंद करायचं ठरलं होतं. ठरवलं भावानं, पण सांगताना त्या ठरलंय म्हणायच्या, जसं काही आपोआप ठरलं. त्याच्या आधी शेवटचं गाणं करायचं होतं. एका दुपारी, झालेली गाणी क्रमानं ऐकूया म्हणून मी दुकानात गेले. फोन कात्रीच्या शेजारी ठेवून आम्ही ऐकत बसलो. रुक्माक्का हातातल्या ब्लाउजला हुक लावत होत्या. तिसरं गाणं सुरू झाल्यावर त्यांचा हात थांबला. चौथं संपलं तेव्हा त्यांनी सुई ब्लाउजात खोचली. मग म्हणाल्या, "घर कुठं गेलं गे?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, आवाज किती स्वच्छ आलाय बघा ना.

"स्वच्छ आलाय की. दवाखान्यासारखा आलाय." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "आधीच्या दोन्हींत तुझी आई आहे, अप्पा आहेत, सगळे आहेत. यात आपण दोघीच हायकोर्टासमोर उभ्या असल्यासारख्या. मशीनशिवाय मला सूरच सापडत नाही, पोरी. वयनीला सांग, मशीन चालू दे म्हणून. आणि अप्पा कुठं असतात आता?"

दुकानात काम असतं, मी सांगितलं. सांगता सांगताच मला ते खोटं आहे हे जाणवलं. कसं, ते सांगता येत नाही. भट्टी संध्याकाळनंतर चालवत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट मी इतके दिवस बाजूला ठेवली होती, कारण ती बाजूला राहणं माझ्या सोयीचं होतं.

घरी जाऊन आईला विचारलं. ती काठाला हातानं टाके घालत बसली होती. अलीकडे ती फॉल हातानंच लावते हेही मी पाहिलं होतं. तिनं मोठ्या खुशीत सांगितलं, जणू एवढे दिवस जमवलेली गोष्ट दाखवायची वेळ आली. अक्का यायच्या आत स्वयंपाक उरकते, मशीनला हात लावत नाही. आणि अप्पा खाली गल्लीच्या तोंडाशी, त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतात. तुमचं झालं की मी फडकं टाकते, मग ते वर येतात.

मी म्हटलं, इतके दिवस?

"तू त्या दिवशी बघितलंस की त्यांच्याकडं," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तवाच ते म्हणाले, पोरीचं कॉलेजचं काम बिघडतंय माझ्यामुळं. आम्हाला दुसरं काय येतंय बाई? गप्प बसायला येतंय."

मी त्या संध्याकाळी रुक्माक्कांना येऊ नका म्हणून कळवलं आणि अप्पांच्या सुटायच्या वेळी खाली जाऊन उभी राहिले. ते आले. घराकडे वळले नाहीत, सरळ पायरीवर बसले, डबा बाजूला ठेवला, खिशातून शेंगांची पुडी काढली. एकेक शेंग फोडून टरफल कागदावरच ठेवत होते, एकही खाली पडू देत नव्हते. रिकाम्या बसेस वळताना त्यांच्या तोंडावर धूर सोडून जात होत्या. मध्येमध्ये मान वर करून ते आमच्या कठड्याकडे पाहत. माझ्या बापाला त्याच्याच घरात यायला परवानगी लागत होती आणि ती माझ्याकडून लागत होती. मी जवळ जाऊन शेजारी बसले तेव्हा ते दचकले.

"आत्ताच सुटलो," ते म्हणाले. मग माझं तोंड पाहून, "फडकं अजून पडलं न्हाई."

"अप्पा, ते कॉलेजचं काम नाही."

त्यांनी हातातली शेंग फोडायची थांबवली. "मग?"

"गाणी आहेत. अक्कांची आणि माझी. आमची आमचीच."

"परीक्षा न्हाई त्याची?"

"नाही."

"मार्क न्हाईत?"

"नाहीत."

त्यांनी ती शेंग तशीच पुडीत परत ठेवली. मला वाटलं, आता ते उठून वर जातील आणि पुन्हा माझ्या पुस्तकाकडे तसं पाहणार नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "मग कशापायी करतीस?"

"आवडतं म्हणून."

त्यावर ते हसले. हसता हसता खोकला आला आणि तो चांगला लांबला. डोळे पुसत म्हणाले, "मग सांगायचं की. मी आईला म्हणत होतो, लई अवघड विषय घेतलाय पोरीनं, अक्कांसारख्या बाईला रोज यावं लागतंय."

मी म्हटलं, चला वर. उद्या अक्का आल्या की तुम्हीही बसा. त्यांनी मान हलवली. कॉलेजचं असतं तर मास्तरांनी समजून घेतलं असतं, पण गाण्यात खोकला बरा दिसतो का, असं त्यांचं म्हणणं. मी सांगत राहिले, आम्हाला घराचे आवाज हवेत, अक्कांनाच हवेत, तुमच्याशिवाय ती गाणी ओकीबोकी झाली आहेत. पाहुण्यानं पोट भरलंय म्हटल्यावर आपण जसं त्याच्याकडे पाहतो, तसं ते माझ्याकडे पाहत होते.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतीस," ते म्हणाले, आणि टरफलांचा कागद नीट दुमडून खिशात ठेवला.

ज्या माणसानं आयुष्यभर केर टाकू दिला नाही, त्याला मी एवढंच सांगायला हवं होतं, अप्पा, आम्ही पण तेच करतोय. त्यांना तिथल्या तिथं कळलं असतं. पण हे मला आता सुचतंय, इतक्या वर्षांनी, हे लिहिताना. त्या पायरीवर मी कॉलेजात शिकलेले शब्द शोधत होते. वातावरण, नैसर्गिक, असं काहीतरी मी बोलले, आणि माझ्या प्रत्येक शब्दासरशी ते जास्तच खात्रीनं मान हलवत गेले.

तरी दुसऱ्या दिवशी ते वर आले. मी सांगितलं म्हणून आले, पटलं म्हणून नाही. रुक्माक्का चटईवर बसल्या होत्या. "या अप्पा, बसा इकडं माझ्याजवळ, खोका पाहिजे तितकं, मी ताल धरते," असं त्यांनी म्हटल्यावर अप्पा लाजून दाराजवळच टेकले. आईला मशीन चालू ठेवायला सांगितलं होतं. शेवटचं गाणं दुकानाच्या पाटीचं होतं, पाटी उतरवल्यावर भिंतीवर जी स्वच्छ चौकट उरते तिचं. मी मोज्यातला फोन चालू केला. आईनं मशीन सुरू केलं, पण रुक्माक्कांनी तोंड उघडलं की ती भान हरपून थांबायची, मग आठवण होऊन घाईघाईनं पाय चालवायची. त्यानं त्या गाण्याला अशी एक चाल मिळाली की ती आम्हाला ठरवून साधली नसती. रुक्माक्कांचा आवाज त्या दिवशी खूप दिवसांनी घरी आल्यासारखा लागला.

आणि दाराशी अप्पा खोकला दाबून बसले होते. टॉवेलाचा बोळा दोन्ही हातांनी तोंडावर धरलेला. मला पेटीवरून सगळं दिसत होतं. आधी कपाळ लाल झालं, मग मान. खांदे एकदा हलले, पण आवाज आला नाही. मी वाजवणं थांबवू शकले असते. फोन माझ्या हाताच्या अंतरावर लटकत होता. पण गाणं नीट चाललं होतं, उगादी जवळ आली होती, आणि मी वाजवत राहिले. या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा, खोका, असं डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पण एकदा ज्या नजरेनं गप्प केलं, तीच नजर आता काहीतरी वेगळं म्हणतेय हे त्यांना कसं कळावं? त्यांनी हातानं तीच खूण केली, चालू दे, चालू दे. त्यातच रुक्माक्कांना एक नवीन कडवं सुचलं आणि त्यांनी तेही गायलं.

शेवटचा सूर पेटीतून सुटला. नियमाप्रमाणे आम्ही सगळे गप्प. मशीन थांबलं होतं. खाली एका कंडक्टरनं दोनदा टाळी वाजवली, बस निघून गेली. तेव्हा अप्पांनी टॉवेल थोडासा बाजूला केला आणि अगदी हळू, वर्गात शिक्षकांना विचारावं तसं विचारलं, "झालं?"

मी मान डोलावली आणि फोन बंद केला. मग ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेऊन खूप वेळ खोकत राहिले. आई मागोमाग पाणी घेऊन गेली. रुक्माक्कांनी बुलबुलतरंगावर साडी गुंडाळली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाताना फक्त म्हणाल्या, शेवटी अप्पा बोललेत ते कापू नको हं. मला कापता येत नाही हे त्यांना माहीत होतं.

ती गाणी मी कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटवर टाकली. फार कुणी ऐकली नाहीत. कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, पहिल्या गाण्यात मागे पाऊस पडतोय का? आईला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ मशीनकडे पाहत होती. रुक्माक्का उगादीला हेब्बाळला गेल्या. तिथं त्यांना स्वतःची खोली मिळाली आणि वाद्य घरात ठेवायला मिळालं, पण शेजारच्या भिंती पातळ आहेत म्हणून त्या दुपारीच वाजवतात. अजून फोन करतात. मी राजाजीनगरात राहते, ऑफिसात जाते, माझ्या घराला जाड काचांच्या खिडक्या आहेत. अप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर आईला शिवाजीनगरहून माझ्याकडे आणताना गॅलरीतलं फडकं तिनं स्वतः कठड्यावरून काढून, घडी करून पिशवीत ठेवलं. मी बघत होते.

अप्पांचा आवाज म्हणून माझ्याजवळ काय आहे, तर दुसऱ्या गाण्यात मध्येच तुटलेला अर्धा खोकला आणि शेवटच्या गाण्यातला एक शब्द. खोकला कुठं तुटतो ते मला सेकंदासकट माहीत आहे, तिथं माझं बोटही पेटीवर जरासं चुकलंय. मधल्या चार गाण्यांत ते नाहीत. तिथं ते खाली पायरीवर आहेत. ती गाणी मी फारशी लावत नाही. शेवटचं लावते. गाणं संपतं, बस निघून जाते, अप्पा विचारतात, "झालं?" त्याच्यापुढे काही नाही. मी उत्तर दिलं होतं, पण मान डोलावून, आणि फोन तेवढ्यात बंद झाला.